स्ट्रीट ७५० चा बेल्ट २६ हजारांवर बदलायचा का? जरा सविस्तर सांगतो

कोपरखैरण्याच्या एका भावाने विचारलंय, की सेकंड हँड हार्ले स्ट्रीट ७५० घेतली, २०१६ ची, मीटरवर २६ हजार, मागच्या बाजूने हळू चालवताना चिर्र चिर्र आवाज येतो, बेल्टच्या एका कडेला केसासारखे धागे निघालेले दिसतात, आणि जवळच्या मेकॅनिकने सांगितलं की चोवीस हजारांवर बेल्ट बदलावाच लागतो, तुमचा दोन हजार जास्त चाललाय, कधीपण तुटेल. तर पावसाळ्याआधी बदलू का?

आधी उत्तर देऊन टाकतो. नुसते २६ हजार झाले म्हणून बदलू नका. आवाज येतो म्हणूनही नका, धागे निघाले म्हणूनही नका. पण बेल्ट नीट बघून घ्या, आणि कसा बघायचा तेच खाली लिहितोय, कारण तुमच्या गाडीचा आधीचा मालक कसा चालवायचा, टायर कुठे बदलायचा, हे तुम्हाला माहीत नाही आणि बेल्टचं आयुष्य त्याच्यावरच ठरतं. माझं काम तुर्भे एमआयडीसीत आहे, मोठ्या गाड्याच जास्त करतो, त्यामुळे आपल्या भागातल्या रस्त्यांवर बेल्टचं काय होतं ते रोज डोळ्यासमोर असतं.

आता तो चोवीस हजारांचा आकडा कुठून आला? तो स्कूटरचा आहे. अॅक्टिव्हा, अॅक्सेस, ज्युपिटर, या सगळ्यांत जो बेल्ट असतो तो व्हेरिएटरचा, म्हणजे गिअर न टाकता वेग बदलणाऱ्या पुल्यांचा, बंद केसिंगमधला, आणि तो साधारण वीस ते पंचवीस हजारांत बदलायचा असतो हे अगदी बरोबर आहे. पण तो बेल्ट घर्षणावर चालतो. दोन तिरक्या पुलींच्या मधे दाबला जाऊन फिरतो, पुल्या जवळ-लांब होत राहतात, बेल्ट थोडा घसरतो, तापतो, झिजून अरुंद होतो. अरुंद झाला की पुलीत जास्त खाली बसतो, मग पिकअप मरतो, टॉप स्पीड येत नाही. म्हणून त्याची रुंदी मोजतात आणि ठरलेल्या मापाच्या खाली गेली की फेकतात. त्याला आतून जे खाचे असतात ते फक्त वाकायला सोपं जावं म्हणून, ते कशात अडकत नाहीत. कायनेटिक होंडा आली १९८४ ला तेव्हापासून आपल्याकडच्या मेकॅनिक लोकांचा हात त्याच बेल्टवर बसलाय, त्यामुळे बेल्ट म्हटलं की तोच हिशोब लावतात, त्यांचाही दोष नाही.

तुमच्या गाडीचा बेल्ट हा वेगळाच प्रकार आहे, तो चेनच्या जागी आहे. दात असलेला बेल्ट, दात पुलीच्या खाचांत बसतात, घसरायचा प्रश्नच नाही, उघड्यावर असल्यामुळे तापतही नाही. आतमधे ओढ घ्यायला लांबीच्या दिशेने दोऱ्या असतात, आडव्या-तिडव्या नाहीत, आधी अॅरामिडच्या, म्हणजे केव्हलर ज्याला म्हणतात त्याच्या असायच्या, हल्ली बऱ्याच ठिकाणी कार्बन फायबरच्या. बाहेरचं अंग पॉलियुरेथेन किंवा रबर, ते मेकवर आहे. हार्लेने १९८० च्या स्टर्जिस मॉडेलला असा बेल्ट लावला आणि नव्वदच्या दशकात बाकीच्या गाड्यांनाही तोच आला. नीट ठेवलेला बेल्ट ऐंशी हजार, लाख किलोमीटर सहज जातो, त्याच्याही पुढे गेलेले आहेत. आणि दहा-बारा हजारांत गेलेलेही आहेत. म्हणून म्हणतो की मीटर बघून काही कळत नाही, बेल्ट बघावा लागतो.

तर बघायचा कसा. गाडी बंद, न्यूट्रलमधे, मागचं चाक पॅडॉक स्टँडवर किंवा जॅकवर उचललेलं, इंजिन थंड. इंजिन चालू करून गिअर टाकून चाक फिरवत बेल्ट बघणारे लोक मी पाहिलेत, फडकं हातात घेऊन. कृपा करून नको. बेल्ट आणि पुलीच्या मधे बोट गेलं की ते परत येत नाही, सरळ सांगतो. चाक हाताने फिरवा, थोडं थोडं, टॉर्च घ्या, आणि अख्खा बेल्ट एक फेरी पूर्ण होईपर्यंत बघा. सुरुवात कुठे केली तिथे खडूने खूण करा नाहीतर तुम्ही तोच तोच भाग बघत बसाल.

आतली बाजू म्हणजे दातांची. दातावर केसासारख्या बारीक चिरा, त्या दाताच्या आतल्या बाजूलाच आहेत, कडेपर्यंत आलेल्या नाहीत, तर चालतं, फक्त लक्ष ठेवायचं. पण बेल्टकडे बाजूने बघितल्यावर दाताच्या मुळाशी चीर दिसते, म्हणजे दात बेल्टपासून सुटायला लागलाय, तर बदला. एखादा दातच गायब, तर बदला, त्यात चर्चा नाही. दातांचा आकार एका बाजूने झिजून हुकासारखा झालाय, तर बदला, आणि अशा वेळी पुलीही गेलेली असते हे धरून चाला. वरचं थोडं थोडं टवका उडाल्यासारखं, तर चालतं.

आता तुमचे धागे. कडेला जी दोरी असते तिचे तंतू निघून मिशीसारखे दिसतात, हे फार कॉमन आहे आणि एवढ्यावरून बेल्ट बाद होत नाही. बेल्ट बनवताना रुंद पट्टा कापून काढतात, त्यामुळे कडेची दोरी उघडी पडलेली असते, ती पुलीच्या कडेला घासून फुलते. कात्रीने ते धागे अलगद कापा, ओढू नका, ओढलात तर दोरी उसवत जाते. पण एक बघा, धागे एकाच कडेला आहेत असं तुम्ही म्हणताय. दोन्ही कडांना थोडे थोडे असते तर मी विषय सोडून दिला असता. एकाच कडेला असतील आणि ती कड तिरकी घासलेलीही दिसत असेल, तर चाक सरळ बसलेलं नाहीये, बेल्ट सतत एका बाजूला पुलीच्या भिंतीवर चढतोय. बेल्ट अजून चांगला आहे, चाकाचं अलाइनमेंट चुकलंय. आणि बहुतेक तुमचा चिर्र आवाजही तिथूनच येतोय.

अलाइनमेंटसाठी स्विंग आर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, ज्या रेघा असतात त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्विंग आर्म जिथे फ्रेमला जोडलाय त्या बोल्टच्या मध्यापासून मागच्या अॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा, अंतर सारखं पाहिजे, मिलीमीटरभराच्या आत. एक सरळ जाड तार घ्या, एक टोक त्या बोल्टच्या मध्यावर, त्यावर रबरी रिंग चढवून अॅक्सलच्या मध्यावर आणा, मग तीच तार दुसऱ्या बाजूला लावा. दहा रुपयांचं टूल आहे, काम मात्र चोख करतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या भागात बेल्ट मारतं, ते म्हणजे खडी. ठाणे-बेलापूर रोड, महापे-शीळ फाटा, उरणकडे जेएनपीटीच्या ट्रेलरवाल्या रस्त्यावर, तुर्भे-पावणे पट्ट्यातल्या दगडखाणींच्या बाजूने, सगळीकडे डंपरमधून सांडलेली खडी असते. घोडबंदरला मेट्रोचं काम चाललं तेव्हा तर विचारूच नका. आणि पावसाळ्यात खड्डे भरतात ते सुट्या खडीने, दोन दिवसांत ती खड्ड्यातून बाहेर आणि रस्त्यावर पसरलेली. दुचाकीवाल्याला तिचा त्रास घसरायचा, बेल्टवाल्याला अजून एक.

काय होतं ते समजून घ्या. चाक पुढे फिरतं तेव्हा बेल्टची वरची पट्टी पुढे जाते आणि खालची पट्टी मागे जाते. वरची ताणलेली, खालची सैल. टायरने किंवा समोरच्या गाडीने उडवलेला खडा जर खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूवर पडला, तर बेल्ट त्याला उचलून थेट मागच्या पुलीकडे घेऊन जातो आणि पुली-बेल्टच्या मधे तो चेपला जातो. दगड फुटला तर नशीब. नाही फुटला तर बेल्टमधे भोक, आतल्या दोऱ्या तुटल्या. हे एका सेकंदाच्या आत होतं, बऱ्याचदा मालकाला कळतही नाही, एक टक् आवाज येतो आणि वाटतं खड्डा होता.

भोक सापडलं तर ते कुठे आहे ते बघा. मधोमध, छोटं, आजूबाजूला चीर नाही, तर बेल्ट चालतो, काही जण अशा बेल्टवर खूप किलोमीटर काढतात, पण मी त्यांना सांगतो की शहरात चालवा, लांबच्या राइडला जायच्या आधी विचार करा. भोक किंवा काप कडेला असेल तर तो बेल्ट संपला. कडेपासून चीर आत सरकायला वेळ लागत नाही, आणि सुटतो तो नेहमी जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर, म्हणजे ओव्हरटेक करताना.

म्हणून खालचा गार्ड काढू नका. बेल्टच्या खाली आणि वर जी प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची झाकणं असतात, ती लोक दिसायला बरं दिसत नाही म्हणून काढून टाकतात, कस्टमवाले तर पहिलं तेच काढतात. ती झाकणं खड्यासाठीच आहेत. तुमच्या सेकंड हँड गाडीला ती आहेत का ते आज घरी जाऊन बघा, नसतील तर बेल्टच्या आधी ती मागवा.

पुली पण बघायची. मागची पुली अॅल्युमिनियमची असते आणि वरून कडक मुलामा दिलेला असतो. खाणीची धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती तो मुलामा खाते. तपासायला सोपं आहे, छोटा स्क्रूड्रायव्हर किंवा टोकदार टोचा घ्या आणि पुलीच्या खाचेच्या तळाला, दाताच्या आडव्या दिशेने, मध्यम जोराने ओढा. टोक सरकन गेलं, खूण उमटली नाही, तर मुलामा शिल्लक आहे. टोक रुतलं आणि चकचकीत ओरखडा आला तर आतलं अॅल्युमिनियम उघडं पडलंय, ती पुली नवीन बेल्टलाही खाणार. हजारो रुपयांचा नवा बेल्ट जुन्या झिजलेल्या पुलीवर चढवणारे बघितले की मला राग येतो, सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत येतं आणि बेल्टला शिव्या देतं.

ताणाबद्दल आता. हे नीट वाचा कारण निम्मे बेल्ट इथे खराब होतात. चेनवाला मेकॅनिक काय करतो, बोटाने वर-खाली करून बघतो आणि अंदाजाने ठेवतो. चेनला ते चालून जातं. बेल्टला मोजमाप आहे. खालच्या पट्टीच्या मध्यावर साडेचार किलोचा जोर द्यायचा आणि बेल्ट किती मिलीमीटर हलतो ते बघायचं. किती हलला पाहिजे ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, साधारण सेंटीमीटरच्या आसपास, पण आसपास म्हणून सोडू नका, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या, आणि तो साइड स्टँडवर मोजायचाय की सरळ उभी करून, कोणी बसलेलं हवं की नको, हेही तिथे लिहिलेलं असतं, त्याने फरक पडतो, कारण सस्पेन्शन दबलं की स्विंग आर्म फिरतो आणि ताण बदलतो. यासाठी प्लंजरवालं गेज मिळतं. नसेल तर प्रवासाच्या बॅगा वजन करायचा हुकवाला डिजिटल काटा असतो ना, तो बेल्टला कापडी पट्टीने अडकवून खाली साडेचार किलो दाखवेपर्यंत ओढा आणि बाजूला स्टीलची पट्टी धरा. दोघं जण लागतात, पण अगदी व्यवस्थित जमतं.

चाक फिरवून चार ठिकाणी मोजा. पुली कधीच शंभर टक्के गोल नसते, कुठेतरी बेल्ट जास्त टाईट असतो. जिथे सगळ्यात टाईट आहे तिथेच अॅडजस्ट करायचं, ढिल्या जागी अॅडजस्ट केलंत तर टाईट जागी ताण मापाच्या बाहेर जातो. आणि अॅक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळून झाल्यावर परत एकदा मोजा, आवळताना चाक थोडं सरकतंच.

जास्त टाईट ठेवला तर बेल्ट एकदम तुटत नाही, पण गिअरबॉक्समधून जो शाफ्ट बाहेर येतो त्याच्या बेअरिंगवर आणि सीलवर सतत ओढ राहते, मागच्या चाकाच्या बेअरिंगवरही, आणि चालवताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहतो. मग एक दिवस सीलमधून ऑइल गळायला लागतं आणि लोक म्हणतात हार्ले ऑइल गळते. ढिला ठेवला तर उलट, जोरात पिकअप घेताना किंवा पटकन डाऊनशिफ्ट केल्यावर दात पुलीवरून उडी मारतो. एकदा उडी मारली की आतल्या दोऱ्यांना झटका बसतो, बाहेरून बेल्ट ठणठणीत दिसतो आणि पुढे कधीतरी कारण नसताना तुटतो. मालक शपथेवर सांगतो की दगड लागला नव्हता, आणि तो खरंच बोलत असतो.

हे सगळं बिघडतं कधी माहितीये? टायर बदलताना. ऐंशी टक्के वेळा, म्हणजे मोजलेलं नाही पण माझ्या अनुभवाने सांगतो, बेल्टचा त्रास घेऊन आलेल्या गाडीला काही दिवस आधी नवीन टायर लागलेला असतो किंवा पंक्चर काढलेलं असतं. हायवेच्या पंक्चरवाल्याने चाक काढलं, परत बसवताना अॅडजस्टर, म्हणजे चाक पुढे-मागे सरकवायचे स्क्रू, ढिले न करता बेल्ट स्क्रूड्रायव्हरने उचकून पुलीवर चढवला, मग चेनसारखा टाईट करून दिला. त्या उचकण्यानेच दोऱ्या मोडतात. बेल्ट चढवायचा तर अॅडजस्टर पूर्ण ढिले करा, चाक पुढे सरकवा, बेल्ट हाताने आरामात बसला पाहिजे, कुठलंही हत्यार लागता कामा नये.

आवाजाचं थोडक्यात. बेल्ट चिर्र करतो तेव्हा तीन कारणं, धूळ, अलाइनमेंट, किंवा जास्त ताण, याच क्रमाने तपासा. कोमट पाण्यात जरासं शॅम्पू टाकून मऊ ब्रशने बेल्ट आणि पुल्या धुवा, वाळू द्या, चालवून बघा. एप्रिल-मे मधे बऱ्याच गाड्यांचा आवाज एवढ्यानेच जातो आणि पाऊस पडला की आपोआप बंद होतो. चेन ल्यूब, डब्ल्यूडी फोर्टी, ग्रीस, काहीही लावायचं नाही. ते लावलं की दोन दिवस आवाज बंद, आणि मग त्याच्यावर खाणीची धूळ चिकटून पुलीला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. गाडी डिझेल मारून धुणाऱ्या सेंटरवर तर न्यायचीच नाही.

आता समजा बघितल्यावर बदलायचाच ठरला. तर काही गोष्टी.

बेल्ट अखंड गोल असतो, चेनसारखी लिंक उघडून काढता येत नाही. त्यामुळे काम किती मोठं हे मॉडेलवर आहे. काही मॉडेलला पुढच्या पुलीचं कव्हर आणि मागचं चाक काढलं की काम होतं. हार्लेच्या मोठ्या ट्विन इंजिनच्या गाड्यांत पुढची पुली प्रायमरीच्या, म्हणजे इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणाऱ्या भागाच्या, मागे दडलेली असते, तिथे प्रायमरी खोलावी लागते आणि स्विंग आर्मही सोडवावा लागतो, तो अख्ख्या दिवसाचा उद्योग आहे. म्हणून मोठ्या गाडीवाल्याला मी सांगतो की प्रायमरी किंवा क्लचच्या कामासाठी गाडी खोललीच आहे आणि बेल्ट अर्धामुर्धा झालाय, तर तेव्हाच बदलून टाक, मजुरी एकदाच लागेल. हा एकच प्रसंग जिथे मी बेल्ट बाद व्हायच्या आधी बदलायला सांगतो. आणि लेह-लडाखसारखी ट्रिप ठरली असेल, बेल्ट दहा वर्षांचा असेल, इतिहास माहीत नसेल, तर तेव्हाही. जुना बेल्ट चांगला निघाला तर तो स्पेअर म्हणून ठेवता येतो.

ठेवताना मात्र सांभाळा. या बेल्टला वाकवायची मर्यादा असते. पुढच्या पुलीपेक्षा लहान गोल करून वळवायचा नाही, घडी घालायची नाही, आतली बाजू बाहेर उलटी वळवायची नाही, पिळायचा नाही. दोरी आत मोडते, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ऑनलाइन मागवलेला बेल्ट चपट्या पाकिटात घडी होऊन आला तर सही न करता परत पाठवा, कितीही स्वस्त पडला असला तरी. आणि कोणाचा वापरलेला बेल्ट विकत घेऊ नका, तो त्याने कसा काढला, कसा गुंडाळला, कोणाला माहीत. खोक्यात मोकळा गोल, ऊन लागणार नाही अशा ठिकाणी, बस.

जुना बेल्ट काढून परत तोच लावणार असाल, टायरच्या कामासाठी वगैरे, तर काढायच्या आधी फिरण्याची दिशा खडूने बाण काढून लिहा आणि त्याच दिशेने परत बसवा. नवीन बेल्ट बसवल्यावर हजार-दीड हजार किलोमीटरांनी ताण परत तपासा, मग साधारण दर आठ हजारांनी, सर्व्हिसबरोबर. आपल्याकडच्या रस्त्यांवर मी त्यात पावसाळा संपल्यावरचं एक चेकिंग वाढवतो, ऑक्टोबरात, कारण चार महिन्यांची खडी त्याने खाल्लेली असते.

पार्टचं सांगायचं तर स्ट्रीट ७५० बंद झालेली गाडी आहे. हार्लेने २०२० मधे इथलं स्वतःचं दुकान आवरलं आणि त्यानंतर विक्री-सर्व्हिस-पार्ट हिरो मोटोकॉर्पकडे गेलं. त्यामुळे बेल्ट शेल्फवर असेलच असं नाही, डीलरकडे चासी नंबर देऊन ऑर्डर टाकावी लागते आणि वाट बघावी लागते. तुटल्यावर ऑर्डर टाकलीत तर गाडी तेवढे दिवस उभी. बाहेरचा बेल्ट घ्यायचा असेल, गेट्ससारख्या कंपनीचा, तर दातांची संख्या, रुंदी आणि दातांमधलं अंतर तिन्ही जुळलं पाहिजे, नुसतं लांबीवर जाऊ नका. आणि हार्लेच्याच एक्स ४४० चा पार्ट विचारायला जाऊ नका, त्या गाडीला चेन आहे, दुकानात एक जण खरंच विचारत होता.

इलेक्ट्रिकवाल्यांचे पण मेसेज येतात म्हणून जाता जाता. एथर ४५० ला असाच दातांचा बेल्ट आहे, रिव्होल्ट आरव्ही ४०० ला पण, ओलाच्या पहिल्या एस वन गाड्यांनाही होता, तिसऱ्या जनरेशनला त्यांनी चेन दिली. टीव्हीएस आयक्यूबला मोटर चाकातच आहे, तिथे बेल्टच नाही. इलेक्ट्रिकमधे बेल्टला एक जास्तीचं काम असतं, ब्रेक लावताना मोटर बॅटरी चार्ज करते तेव्हा ओढ उलट दिशेने येते, म्हणजे दाताच्या दोन्ही बाजू झिजतात, आणि मोटरचा जोर शून्यापासूनच मिळतो. तपासायची पद्धत वर सांगितली तीच, पण किती किलोमीटरला बदलायचा ते तुमच्या कंपनीच्या सर्व्हिस चार्टमधे आहे, त्या बाबतीत माझं ऐकू नका, चार्टचं ऐका.

रस्त्यात तुटला तर, कारण हा प्रश्न नंतर येणारच आहे. जुन्या हायवेने लोणावळ्याला जाताना घाटात तुटला असं धरा. गाडी एकदम न्यूट्रलमधे गेल्यासारखी होते, इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबू नका, क्लच धरा, बाजूला या. मग चाक फिरवायच्या आधी तुटलेला बेल्ट पूर्ण काढून घ्या, नाहीतर तो चाकात गुंडाळला जातो आणि ढकलताना स्विंग आर्म, ब्रेकची लाइन, सगळं ओरबाडून टाकतो. दोरीने दुसऱ्या गाडीला बांधून नेऊ नका, फ्लॅटबेड मागवा. जोडून लावायचे इमर्जन्सी बेल्ट मिळतात, दोन टोकं रस्त्यात जोडता येतात, चाक न काढता, त्यावर हळूहळू घरापर्यंत येता येतं. टूरवाल्यांनी ठेवायला हरकत नाही, शहरात फिरणाऱ्याला गरज नाही.

तर भाऊ, तुम्ही या रविवारी एवढं करा. गार्ड आहेत का बघा. बेल्ट धुवा. खडूची खूण करून अख्खा बेल्ट टॉर्चने बघा, विशेषतः ज्या कडेला धागे आहेत तिथे भोक किंवा काप आहे का. पुलीवर टोचा ओढून बघा. तारेने दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. आणि आधीच्या मालकाचा नंबर असेल तर त्याला एकच विचारा, शेवटचा मागचा टायर कुठे आणि कोणाकडून बदललास. कडेला काप नसेल, दाताच्या मुळाशी चीर नसेल, तर फक्त अलाइनमेंट आणि ताण नीट करून घ्या, धागे कापा, आणि पावसाळा त्याच बेल्टवर काढा. काप सापडला तर लगेच ऑर्डर टाका आणि नवीन बेल्ट लागेपर्यंत गाडी काढूच नका. फोटो काढताना बेल्टची आतली बाजू आणि धाग्यांची कड दोन्ही जवळून काढा, मागे पांढरा कागद धरा म्हणजे चीर दिसते, टाका इथेच, बघून सांगतो.